भासऱ्याची सीट

माझ्या भासऱ्यांचा मला मनापासून राग होता. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, सणावाराला त्यांच्या फोटोला हारही मीच घालते, तरी ‘होता’ असं लिहिताना हात अडतो. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, आणि त्यांच्या बाजेवर, पाटावर, ते बसतात त्या कशावरही टेकायचं नाही. लग्न होऊन सासरी, रोहण्याला आले तेव्हा या रीतीचा मला काहीच जाच वाटला नाही. त्यांच्याशी बोलावं असं मला मुळात कधी वाटलंच नाही.

अगदीच काही सांगायचं असलं तर म्हशीला सांगायचं. “वैरण संपली वं बाई,” असं मी म्हशीकडे तोंड करून म्हणायचे आणि ओट्यावर बसलेले भासरे ते ऐकायचे. उत्तर ते सासूबाईंना द्यायचे. सासूबाई मला सांगायच्या. एवढ्याशा अंगणात एक वाक्य असं गावभर फिरून यायचं. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. या रीतीची धार कुठल्या बाजूला आहे ते मला कळलं, जीप घरात आल्यावर.

जीप माझ्या वडिलांची. हिंगणघाटच्या पुढे वणा नदीच्या काठी त्यांचं शेत होतं, काळं, चिकट, पाऊस पडला की माणसाची चप्पल काढून घेणारं. लष्करानं मोडीत काढलेल्या जीपगाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी एक घेतली. त्यांच्या भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी तिला मागे फवारणीचे पंप ठेवायला लोखंडी चौकट केली, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला आणि ताडपत्रीचं छत स्वतः शिवलं. तिचं स्टेअरिंग डावीकडे होतं, कारण ती परदेशी बनावटीची. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे होते. त्यातला एक ढकलला की पुढची चाकंही ओढायला लागायची, आणि मग ती जीप जिथून बैलजोडी परत फिरे तिथून कुरकुर न करता निघून जायची.

मी एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं की बाबा मला स्टेअरिंगवर बसवायचे आणि स्वतः उजवीकडे बसायचे. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. तरी मी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाजवळ, गेले की ते तो पत्रा जीव खाऊन दाबायचे. “बाबा, तिथं काई नाई,” मी म्हणायचे. “मले ठाऊक हाय. तू समोर पाह्य,” ते म्हणायचे, आणि पुढच्या धुऱ्याला पुन्हा दाबायचे.

हल्ली आमच्या शेजारी एकजण नवी गाडी घेऊन आला आहे. टर्बो आहे, चारी चाकांना ताकद जाते, तिच्यावर त्यानं म्हणे आणखी काय काय बसवून घेतलंय. परवा तो मला चारी चाकांना ताकद गेल्यानं काय होतं हे समजावून सांगायला लागला. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आलेच नाही. त्याची गाडी डांबर सोडून कधी खाली उतरलेली मी पाहिलेली नाही.

तर लग्न झालं. मला जीप चालवता येते हे सासरी सांगू नये असं मध्यस्थानं बाबांना बजावलं होतं, स्थळ हातचं जाईल म्हणून. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माणूस भला, पण मोठ्या भावापुढे त्याचा आवाज घशातच बसायचा. शेत, घर, सगळं भासऱ्यांच्या हातात. चारेक वर्षं अशी गेली. मग बाबांना काचबिंदू झाला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. बाबा एका ओळखीच्या ड्रायव्हरला घेऊन रोहण्याला आले. डाव्या सीटवरून ड्रायव्हर उतरला, उजवीकडून बाबा उतरले, आणि भर अंगणात, भासरे ओट्यावर असताना, ते म्हणाले, “हे घे पोरी. गाडी तुह्या नावावर केली. मले आता शेत दिसत नाई, तू पाह्यजो. आठ-पंधरा दिवसांनी येत जाजो.” मग थांबून म्हणाले, “आवाज आला का मी रस्त्यावर येऊन उभा राहीन.”

गावानं पहिल्यांदा मला जीप चालवताना पाहिलं तेव्हा पोरं मागे धावली आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. मी पुलगाववरून वर्धा, तिथून हिंगणघाट अशी जायचे. शेताच्या वाटेला लागले की लांबून बाबा दिसायचे, काठी टेकून, चेहरा आवाजाकडे करून. मी जवळ थांबले की ते डावीकडे यायचे, चाचपडत माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि पहिला प्रश्न कापसाचा विचारायचे. तो एक हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम होता. मला तेव्हा कुणाचाच राग नव्हता.

भासरे त्या काळात एक शब्द बोलले नाहीत. एका सकाळी मी निघायची तयारी करून बाहेर आले तर ते डाव्या सीटवर बसलेले. गावातल्या ट्रकवाल्याकडून गुपचूप शिकून आले होते. त्यांनी जीप सुरू केली, अंगणातल्या तुळशीला घासून बाहेर काढली आणि आर्वीला बाजाराला गेले. संध्याकाळी परत आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं की उद्या मी बाबांकडे जाते.

“कशी जाशीन वं?” त्या म्हणाल्या. “थे बसले ना तिथं. भासऱ्याच्या जाग्यावर धाकटी सून बसते का कुठं?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझी गाडी, माझ्या नावाची, माझ्या बापानं दिलेली, आणि एक माणूस तिच्यावर एक दिवस बसला म्हणून ती मला आयुष्यभरासाठी बंद. बाज, पाट आणि आता जीप! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. त्या दिवशी मला नवऱ्याचाही राग आला आणि तो मी पुढे बरीच वर्षं जपून वापरला.

“दादाले काय म्हनू मी?” रात्री तो म्हणाला.

“काई नोका म्हनू,” मी म्हटलं. “तुमी कॅलेंडर पाहा.”

भासऱ्यांनी मग जीपचा संसार मांडला. सीटवर लाल मखमलीचं कव्हर चढवलं, त्याला सोनेरी गोंडे. बोनेटवर हिरवा दिवा. फवारणीची चौकट कापून तिथं पाहुण्यांसाठी बाक केलं. हॉर्न असा बसवला की तो वाजला की आमची म्हैस दूध चोरायची. आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की पुढच्या चाकांचा शाफ्ट उगाच पेट्रोल खातो, तर त्यांनी तो काढून टाकला. बाबांनी ज्याच्यासाठी ती जीप घेतली ते तिचं सगळं मर्म काढलं, आणि तो लोखंडी दांडा गोठ्यात नेऊन जमिनीत ठोकला, वासरू बांधायला. मी रोज सकाळी शेण काढताना त्या खुंट्याकडे पाहायचे. वासराचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला तेही आवडेनासं झालं.

बाबांकडे मी एसटीनं जायला लागले. दोन ठिकाणी बस बदलायची, शेवटी पायी. उन्हाळ्यात जमायचं. पावसाळ्यात शेवटच्या वाटेवर पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे, मग जाणं महिनोन्‌महिने राहायचं. बाबांना निरोप द्यायचा तरी कुणाकडून! ते कुणाला बोलायचे नाहीत, पण शेजारची बाई मला सांगायची की हमरस्त्यावर कुठल्याही जीपचा आवाज आला की तुझे बाबा उठून बसतात, मग म्हणतात, “नाई, ही नाई.”

एकदा ते ‘हीच’ म्हणाले. खरंच तीच होती. ते काठी घेऊन रस्त्यापर्यंत गेले, डावीकडे वळले, चाचपडत हात पुढे केला आणि तो भासऱ्यांच्या खांद्यावर पडला.

भासरे तिथे गेले होते बाबांचं शेत मागायला. आंधळ्याला शेत काय करायचं, पोरगी आमच्याकडेच आहे, लिहून द्या, आम्ही पाहू. बाबांनी हात झटकन मागे घेतला आणि घरात गेले. हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं. बाबांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मले वाटलं तू आली.”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते फिरलंच. शेत मागितलं त्याचं मला फारसं काही नाही, मागणारे मागतात. पण आंधळ्या माणसाला त्याच्या मुलीच्या गाडीचा आवाज ऐकवून रस्त्यावर बोलावलं, याची मी त्यांना कधी माफी दिली नाही आणि द्यायचा विचारही नाही.

दिवाळीच्या आधी भासऱ्यांनी जीप रंगवायला आर्वीच्या एका गॅरेजात टाकली आणि स्वतः यात्रेला अमरावतीकडे गेले. मी नवऱ्याला म्हटलं, माहेरी जाते. गेले मात्र आर्वीला, गाडीचे कागद पदरात बांधून. आदल्या संध्याकाळी गोठ्यातला खुंटा उपटला होता आणि वासराला लाकडाचा ठोकून दिला होता. शाफ्ट पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवला तेव्हा कंडक्टरनं विचारलं, काय आहे. मी म्हटलं, खुंटा.

गॅरेजातला मिस्त्री रंगाचा डबा हलवत होता. मी त्याला म्हटलं, रंग राहू दे, स्टेअरिंग डावीकडून काढ आणि उजवीकडे बसव. पेडलंही. आणि हा शाफ्ट जिथला तिथे लाव.

त्यानं डबा खाली ठेवला. “मालकाले इचारलं का, बाई?”

“मालक मीच हावो.”

“तसं नाई. तुमच्या घरच्या मानसाले.”

मी कागद त्याच्या तोंडापुढे धरले. त्यानं ते तेलकट बोटांनी उलटेपालटे केले. मग म्हणाला, “चांगलं चालून राह्यलं ना डावीकडून. काऊन बिघडवता?” तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त बाईकडून काम घ्यायचं नव्हतं. त्याच्या आवारात एक उलटलेली देशी जीप पडली होती, सवाऱ्या नेणारी, उजव्या स्टेअरिंगची. मी त्या जीपकडे बोट दाखवलं. तिचं स्टेअरिंग काढ, तिची पेडलं काढ, माझ्या जीपला लाव. पैसे कुठून आणले ते माझं मी जाणे. तो “उद्या पाहू” म्हणाला. मी एक जुना टायर ओढला आणि त्याच्यावर बसले. गिऱ्हाईक आलं की मला पाहून थबकायचं. दुपारपर्यंत मिस्त्रीला लाज वाटली की त्रास झाला, कोण जाणे, त्यानं पाना उचलला.

रात्री मुक्कामाला मी तिथल्याच एका मैत्रिणीकडे जायचे आणि सकाळी पुन्हा टायरवर. स्टेअरिंगचा खोका इकडून तिकडे नेताना त्याला चेसिसवर नवी भोकं पाडावी लागली, ब्रेकची नळी वाकवावी लागली, आणि ते सगळं करताना तो मला, भासऱ्यांना, जीपला आणि ती बनवणाऱ्या गोऱ्यांना शिव्या देत होता. मला त्या ऐकायला बरं वाटत होतं. डावीकडे जिथे पेडलं होती तिथे भोकं उरली. त्यांवर त्यानं पत्र्याचा तुकडा मारला. “ही सीट बी बदलू का?” मखमलीकडे पाहून त्यानं विचारलं.

“तिले हात नोको लावू,” मी म्हटलं. “थे दुसऱ्याची हाय.”

भासरे यात्रेहून परत आले त्या दिवशीच मी जीप घेऊन अंगणात शिरले. उजवीकडे बसून, डोक्यावर पदर घेऊन. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, भासरे ओट्यावर पान चघळत होते. नवरा शाळेतून नुकताच आलेला, सायकल हातात. शेजारीपाजारी हॉर्न ऐकून कुंपणापाशी आलेच होते. मी उतरले आणि बाजूला, खांबाआड, रीतीप्रमाणे उभी राहिले.

भासरे उठले. त्यांना काय झालंय ते लांबून दिसलं नसावं. ते रागातच येऊन डाव्या सीटवर बसले आणि त्यांनी हात पुढे केले. हात हवेत राहिले. मग त्यांनी खाली पाहिलं, पायाखालच्या पत्र्याकडे. कुंपणापाशी कुणीतरी खुसखुसलं.

“हे काय केलं हिनं?” ते सासूबाईंना म्हणाले. अंगणातली कोंबडी पळाली एवढ्या मोठ्यानं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं.

“म्हशी वं,” मी म्हटलं, “भासऱ्याच्या सीटले म्या बोटबी नाई लावलं. त्याईची सीट त्याईलेच हाय. मखमल हाय, गोंडे हायत. बसा म्हना खुशाल. मी आर्वीपासून इकडच्या सीटवर बसून आली, थे मातर धाकट्या सुनेची झाली. आता तिथं कसं बसतीन थे? लोकं काय म्हनतीन?”

मी वाट पाहिली. त्यांनी नुसतं उजवीकडे सरकून बसायचं होतं, हातभर. ते सरकले असते तर तीही सीट त्यांची झाली असती, मी हरले असते, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. पण सरकायचं म्हणजे आपल्याला सीट नव्हे, स्टेअरिंग हवं होतं, ती रीत नुसतं थोतांड आहे, हे सगळ्या गावासमोर कबूल करायचं, आणि त्या रीतीवरच तर ते इतकी वर्षं गाडीत बसले होते. ते सीटवर तसेच बसून राहिले, पानाचा रस ओठाच्या कोपऱ्यातून ओघळेपर्यंत. मग सासूबाई, माझ्या सासूबाई, तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, “ऊतर रे बाप्पा. खरं बोलून राह्यली थे.”

भासरे उतरले आणि मागच्या दारानं गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दिवाळी झाल्यावर आमची चूल वेगळी झाली. नवऱ्यानं भाऊ गमावला, ते त्याला शेवटपर्यंत लागून राहिलं, आणि तसं तो मला अधूनमधून ऐकवतही असे. मी ऐकून घेत असे. पण स्टेअरिंग परत डावीकडे न्यावं असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तर मी नेलंही नसतं.

जीप अंगणात आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाबांकडे निघाले. अवेळी पाऊस पडून गेला होता. हिंगणघाटच्या पुढे हमरस्ता सोडला आणि काळ्या मातीत उतरले, चाकं फिरायला लागली तसा आखूड दांडा ढकलला. पुढची चाकं इतक्या वर्षांनी कामाला लागली. जीप डुलत, चिखल उडवत चालली आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

शेताची वाट आली. वाटेवर कुणी उभं नव्हतं.

मी हॉर्न दिला. तो भासऱ्यांचा हॉर्न, काढायचा राहिलेला. घराजवळ आले तर दार बंद, आतून कडी. गाडी थांबवली आणि आतून बाबांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“पुन्हा आला का बे, भिकाऱ्या? आंधळ्याचं शेत पाह्यजे तुले? माह्या पोरीची गाडी पळवतं, तिच्याच आवाजानं मले फसवतं! पाय ठेव आत, टाळकं फोडतो!” काठी दारावर आपटली. मग पुन्हा. भासऱ्यांना, त्यांच्या बापाला, त्यांच्या हॉर्नला जे जे म्हणायचं ते ते सगळं ते म्हणाले. मला जे म्हशीलासुद्धा सांगता आलं नव्हतं ते सगळं. मी स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत बसले. मध्येच तोडावंसं वाटेना. धाप लागून ते थांबले तेव्हा मी म्हटलं, “बाबा, मी हावो.”

मग कडी निघाली. ते बाहेर आले, काठी अजून वर धरलेली. नेहमीसारखे डावीकडे वळले, खांदा शोधायला हात पुढे केला आणि तो गोंड्यांवर पडला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“इकडं हावो मी, या बाजूनं,” मी म्हटलं. “थे भासऱ्याची सीट हाय.”

ते उभे राहिले. त्यांनी हात लांब केला, रिकामी सीट चाचपली, जिथे स्टेअरिंग होतं तिथली हवा चाचपली. मी झालं ते सांगितलं. त्यांना त्यांच्या जीपचं असं केलेलं आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. “चेसिसले भोकं पाडली का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

“भासऱ्याची सीट हाय म्हनतं?”

“हो.”

“मंग तं मी बसतोच,” ते म्हणाले, आणि चिखलाच्या पायांनी मखमलीवर चढून बसले. “चाल. कापूस दाखव.”

आम्ही धुऱ्याधुऱ्यानं निघालो. मी त्यांना सांगत होते, इथं बोंडं फुटली, इथं पाणी साचलं. पहिलं वळण आलं तेव्हा इंजिनाच्या आवाजावरून त्यांना ते कळलं असावं. त्यांचा उजवा पाय पुढे गेला आणि मिस्त्रीनं मारलेला पत्र्याचा तुकडा त्यांनी जीव खाऊन दाबला. तिथं काही नाही, असं मी या वेळी म्हटलं नाही. मी माझ्याकडचा ब्रेक दाबला, जीप थांबली, आणि बाबा समाधानानं म्हणाले, “हां, अशी.”